कृष्णधवल रोल आणि निळी शिंगे

कृष्णधवल छायाचित्रांविषयी अलीकडे एक हळवी समजूत रूढ होऊ लागली आहे. त्या करड्या छटांत काही विशेष खोली होती, त्या काळच्या छायाचित्रकारांना रंगांचा मोह नव्हता, असे लोक मोठ्या प्रेमाने बोलतात. नवदांपत्ये आपली रंगीत छायाचित्रे मुद्दाम कृष्णधवल करून घेतात. त्यांच्या आवडीबद्दल माझी तक्रार नाही. परंतु अकोल्यात या व्यवसायात चाळीस वर्षे घालवलेला माणूस म्हणून एवढे नोंदवावेसे वाटते, की आम्ही कृष्णधवल छायाचित्रे काढली ती रसिकतेपोटी नव्हे. दुकानात तोच रोल मिळत असे, गिऱ्हाइकाला तोच परवडत असे आणि रात्री आमच्याच अंधाऱ्या खोलीत तोच धुता येत असे. रंग आमच्याही डोळ्यांसमोर होते. ते कागदावर आणण्याचे साधन हाताशी नव्हते.

आपल्या विद्यालयातून मॅट्रिक होऊन मी १९७१ साली अकोल्यात महाविद्यालयात नाव घातले आणि राहण्याजेवण्याचा खर्च निघावा म्हणून नव्या शहरातील एका स्टुडिओत उमेदवारी धरली. सकाळी वर्ग, दुपारनंतर स्टुडिओ. तेथे दोन प्रकारचे रोल येत. एक उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’, आणि दुसरा पूर्व जर्मनीतून येणारा ‘ओरवो’. हा ओरवो वोल्फेन नावाच्या गावी तयार होत असे. पुढे वाचनात आले, की त्याच वोल्फेनच्या कारखान्यातून १९३६ साली ‘अग्फाकलर’ ही रंगीत फिल्म बाहेर पडली होती. म्हणजे रंगीत फिल्मचे माहेर म्हणावे असे ते गाव. आमच्या वाट्याला मात्र तेथला करडा रोल आला.

रोल बारा चित्रांचा असे. एकदा कॅमेऱ्यात भरला, की बारा चित्रे पुरी झाल्याखेरीज तो बाहेर काढता येत नसे. मध्येच झाकण उघडले तर आधीच्या गिऱ्हाइकांचे चेहरे उजेडात जळून जात. रंगीत रोलही स्टुडिओत होते. ते मालकांच्या लोखंडी कपाटात कुलपात राहत आणि लग्नसराईत, आगाऊ रक्कम देणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच निघत. काढलेला रोल धुण्यासाठी टपालाने मुंबईला जाई आणि चित्रे परत येईपर्यंत नवरानवरीचे मांडवपरतणेही होऊन गेलेले असे. कृष्णधवल रोल मात्र आम्ही घरच्याघरी धूत होतो. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे वऱ्हाडच्या वाचकांना सांगायला नको. फिल्मवरचा जिलेटिनचा थर गरम पाण्यात मऊ पडून सुरकुततो, म्हणून डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या घमेल्यात ठेवावे लागे. बर्फ आणण्याचे काम अर्थातच उमेदवाराचे.

या रोलची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. कृष्णधवल फिल्म रंग पाहत नाही. वस्तूवरून किती उजेड आला, तेवढेच पाहते. तांबडा आणि हिरवा हे आपल्या डोळ्यांना एकमेकांचे वैरी वाटतात, पण दोहोंकडून येणारा उजेड सारखा असेल तर फिल्मवर दोघे एकाच राखाडी छटेत जाऊन बसतात. शेतीच्या कामासाठी कोणी कपाशीच्या झाडाचा फोटो काढायला बोलावले, की ही पंचाईत पुढे येई. लाल्याने तांबारलेले पान आणि निरोगी हिरवे पान शेजारीशेजारी धरून फोटो काढला, तरी प्रिंटवर दोन्ही पाने जुळी भावंडे दिसत. १९७२ च्या दुष्काळात वसतिगृहांच्या पंगतीत मिलोची तांबडी भाकरी आली होती. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना तिचा रंग आणि घशाखाली न उतरणारा घास दोन्ही आठवतात. त्या वर्षीच्या पंगतीचा एक फोटो माझ्या संग्रही आहे. त्यात मुलांच्या ताटातली भाकरी नेहमीच्या ज्वारीची वाटावी इतकी साधी दिसते. दुष्काळ त्या फोटोत कोठेच नाही.

पंचशील ध्वजाचेही तसेच. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि मंजिष्ठ असे पाच पट्टे असलेला हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत कोलंबो येथे प्रथम फडकला. आपल्या विद्यालयाच्या प्रांगणातील जुन्या सामूहिक छायाचित्रांत तो मागे दिसतो. पिवळा आणि पांढरा जवळजवळ एक झालेले, निळा आणि लाल एकमेकांत मिसळलेले. ज्याने ध्वज पाहिला आहे त्यालाच तो ध्वज दिसतो.

उलट, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीच्या नागपूरच्या छायाचित्रांपुढे बसलो, की मला वेगळेच वाटते. तो जनसमुदाय पांढरी वस्त्रे नेसून आला होता. पांढरे धोतर, पांढरे लुगडे, पांढरा सदरा. त्या दिवशी कृष्णधवल रोल घेऊन उभ्या असलेल्या छायाचित्रकारांचे फारसे काही हुकले नाही. समोर होते ते जवळजवळ होते तसे कागदावर उतरले. बाबासाहेबांचा कोट मात्र त्या काळच्या सर्व चित्रांत करडाच आहे. आज चौकाचौकातील पुतळ्यांवर तो निळा आहे आणि मुलांना तो निळाच ठाऊक आहे. फिल्मने रिकामी ठेवलेली जागा लोकांनी आपल्या ध्वजाच्या रंगाने भरली. त्यात वावगे काही नाही. पण ती जागा रिकामी होती आणि ती भरण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मला १९७३ च्या पोळ्यापासून सुटलेला नाही.

अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम तीरावर आहे. असदगडाचा किल्ला, दहीहांड्याची वेस, राजराजेश्वराचे मंदिर, अरुंद बोळ आणि जुने वाडे. नदी ओलांडली की हवा बदलल्यासारखी वाटे. त्या वेळी जुन्या शहराच्या कडेला शेती सुरू होत असे. डाबकीच्या वाटेने सायंकाळी बैलगाड्यांची रीघ परतत असे आणि बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळांवरून माणसे आपापली गाडी ओळखत. तेथे एक चौक पोळ्याच्याच नावाने ओळखला जातो.

माझ्या एका वर्गमित्राचे वडील तिकडेच राहत. आम्ही वसतिगृहातली सारी मुले त्यांना काका म्हणत असू. सुट्टीत मी त्यांच्या घरी जेवलो आहे, ओसरीत झोपलो आहे. काकांनी वीस वर्षे दुसऱ्याच्या घरी सालदारकी केली. पोळ्याला ते मालकाचे बैल नदीवर धूत, खांदे तूप-हळदीने मळत, शिंगांना रंग देत, बेगड चिकटवत, मठाट्या बांधत आणि तोरणाखाली नेऊन उभे करत. सायंकाळी बोजारा घेऊन घरी येत. बैल सजवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता, असे त्यांच्याविषयी बरे न बोलणारी माणसेही सांगत.

दुष्काळाने वऱ्हाडातले गोठे रिकामे केले. कडबा सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला आणि ज्यांना जनावरे पोसणे जमेना त्यांनी ती मिळेल त्या किमतीला काढली. काका-काकू दोघेही त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्या मजुरीतून आणि काकूंच्या दोन चांदीच्या वाळ्यांतून त्यांनी दोन बैल घेतले. एक पांढरा, एक तांबडा. जोड जुळलेली नव्हती, आणि दोघांच्याही बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा. लोक हसले. काकांनी कोठून कोठून डोक्यावर वाहून आणलेल्या पालापाचोळ्यावर त्यांना जगवले. १९७३ साली पाऊस चांगला झाला. काकांनी डाबकीच्या बाजूला थोडे शेत बटईने घेतले आणि स्वतःच्या बैलांनी पेरले.

आता पोळा आला. आमच्या वस्तीत तो करावा की करू नये यावर दरवर्षी बोलणे होत असे. धम्म स्वीकारल्यानंतर जुने सण सोडले पाहिजेत, असे म्हणणारे होते आणि बैल ही पूजेची नव्हे, कष्टाची गोष्ट आहे, असे म्हणणारेही होते. काकांनी या वादात तोंड घातले नाही. त्यांनी नारळ फोडला नाही, ओवाळणी केली नाही. बैल धुतले, पोटभर चारले आणि शिंगांना रंग दिला. तो रंग निळा होता. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून त्यांनी तेलरंगाची लहानशी डबी मागून आणली होती. झूल काकूंनी शिवली. जयंतीच्या पताकांसाठी आणलेल्या निळ्या कापडाचे तुकडे उरले होते, ते जोडून, पांढरी किनार लावून.

पोळ्याला शिंगे लाल असतात, हिरवी असतात, पिवळी असतात. अंगावर गेरूचे ठसे असतात. निळी शिंगे त्या रांगेत तोवर मी पाहिली नव्हती.

त्या दुपारी मी जुन्या शहरातच होतो. ओळखपत्रांच्या फोटोंचे एक काम उरकून मालकांचा याशिका कॅमेरा गळ्यात घेऊन परत निघालो होतो. रोल ओरवोचा, सात चित्रे झालेली, पाच शिल्लक. ओळखपत्राला याहून योग्य रोल नव्हता. चौकाच्या तोंडाशी आलो तर ताशाचा आवाज, आंब्याच्या पानांचे तोरण, त्याखाली बैलांच्या रांगा. कोणी झडत्या म्हणत होते, कोणी शेंगदाणे उधळत होते. आभाळ फाटून मधूनच ऊन पडत होते, आणि पावसाने धुतलेल्या हवेत रंग कसे दिसतात ते ज्याने श्रावणअखेरचे वऱ्हाड पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

मानाच्या जोड्या पुढे होत्या. काकांची जोडी रांगेच्या अगदी शेवटी, भिंतीला लागून. त्यांना तेथे कोणी उभे केले की ते आपणहून तेथे थांबले, मी विचारले नाही. त्यांच्या पुढच्या जोडीची शिंगे तांबडीभडक होती. त्या जोडीपाशी उभ्या असलेल्या एकाने मागे वळून मोठ्याने म्हटले, “शिंगाले निया रंग कोन देते बाप्पा?”

काका म्हणाले, “म्या देल्ला.”

एवढेच. कासरा त्यांनी हातात अधिक घट्ट धरला असेल, तर ते मला दिसले नाही. मला पाहून मात्र त्यांचा चेहरा उजळला. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “बाबू, फोटूत निया येईन ना?”

मी म्हणालो, “काका, हा रोल काळा-पांढरा आहे. निळा काही निळा दिसणार नाही.”

“तं मंग कसा दिसन?”

“करडा. राखेसारखा.”

ते हसले. “राखच पायजे असती तं रंग कायले लावला असता?” आणि जरा थांबून म्हणाले, “तरी काढ. मी उभा हाओ हे तं दिसन.”

याशिकाला दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून आलेले दृश्य दुधी काचेवर पडते आणि छायाचित्रकार मान खाली घालून ते पाहतो. डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते, पण रंग खरे असतात. त्या बोटभर लांबीरुंदीच्या काचेवर मला सारे दिसत होते: तांबड्या बैलाचे ओले चकाकते अंग, पांढऱ्या बैलाच्या कपाळावरची मठाटी, लाल-पिवळे गोंडे आणि शिंगांचा तो गर्द निळा. खालच्या भिंगामागे फिल्म होती, तिला यातले काही कळणार नव्हते. दोहोंमधले अंतर फार तर चार बोटांचे.

नुसत्या फिल्मवर निळा रंग फिकट, पांढुरका उतरतो. ती निळ्याला उगाचच उजळ करते. शिंगे पांढरी दिसू नयेत म्हणून मी भिंगावर पिवळा फिल्टर चढवला. पिवळी काच निळा उजेड अडवते, त्यामुळे निळा गडद होतो. तिच्यासाठी अ‍ॅपर्चर एक घर उघडावे लागले: ५.६, आणि शटर १२५. तीन चित्रे काढली. दोनात बैलांनी माना हलवल्या. तिसरे चांगले आले.

प्रिंट निघाली तेव्हा शिंगे गडद आली होती, अपेक्षेप्रमाणे. पण पुढच्या जोडीची तांबडी शिंगेही तितकीच गडद. दोन्ही जोड्यांची शिंगे एका डबीतून रंगवली असावीत, असे कोणीही म्हणाले असते. ज्या एका गोष्टीवरून चौकात माना वळल्या होत्या, ती गोष्ट कागदावर उरलीच नव्हती.

आमच्याकडे फोटो हाताने रंगवण्याची सोय होती. एक वयस्क रंगारी आठवड्यातून दोनदा येत. प्रिंट आधी तपकिरी छटेत काढायची, मग कापसाच्या बोळ्याने आणि बारीक कुंचल्याने पातळ रंग चढवायचे. गालावर गुलाबी, शालूवर जांभळा, दागिन्यांवर पिवळा. त्यासाठी स्टुडिओत रंगांची एक वही असे. फोटो काढतानाच साडी कोणत्या रंगाची, काठ कोणता, हे तीत लिहून ठेवावे लागे, कारण नंतर निगेटिव्हकडे पाहून ते कळणार नव्हते. त्या वहीत माझ्या अक्षरात नोंद आहे: ‘पोळा, जुने शहर. बैल एक पांढरा एक तांबडा. शिंगे निळी. झूल निळी, किनार पांढरी. गोंडे लाल-पिवळे.’ रंगाऱ्यांनी पैसे न घेता रंगवून देण्याची तयारी दाखवली. मी काकांना तसे सांगितले. त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “राहू दे. रंग घरी हाये.”

महिन्याभराने गेलो तेव्हा फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावला होता. त्या डबीतला उरलेला तेलरंग काडेपेटीच्या काडीने काकांनी फोटोवरच्या चारही शिंगांना लावला होता. जाड थर, कडेला थोडा ओघळलेला. रंगाऱ्याच्या दृष्टीने बेढब काम. पण ज्या डबीतून बैलांची शिंगे रंगली, त्याच डबीतला तो रंग होता. पुढे रंगीत फिल्मने कितीतरी निळे रंग मी कागदावर आणले. त्यांतला एकही मूळ वस्तूवरचाच रंग नव्हता.

रंगाविषयी मोठ्यामोठ्यांनी वेगवेगळे सांगितले आहे. प्रभात कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’साठी रंगाचे काम जर्मनीत करून घेतले, आणि शांतारामबापूंसारख्या जाणत्या दिग्दर्शकालाही पडद्यावर उतरलेल्या रंगाने समाधान दिले नाही. रघुबीर सिंग हे आपल्याकडचे रंगीत छायाचित्रणातले थोर नाव. १९४२ साली जयपूरला जन्मलेला आणि १९९९ साली वारलेला हा माणूस आयुष्यभर रंगीत फिल्मवर काम करत राहिला; ‘रिव्हर ऑफ कलर’ हा त्यांचा ग्रंथ १९९८ सालचा. भारतीय माणूस रंगातूनच पाहतो, कृष्णधवल ही आपल्या डोळ्यांना परकी गोष्ट आहे, अशी त्यांची धारणा होती. मला ती पटते, आणि वाचताना थोडा रागही येतो. आमचे डोळेही रंगातूनच पाहत होते. कोडॅक्रोमचा रोल विकत घेऊ शकणाऱ्याचे पाहणे जगाला दिसले. काडेपेटीची काडी वापरणाऱ्याचे भिंतीवर राहिले.

काका जाऊन बरीच वर्षे झाली. माझा वर्गमित्रही आता नाही. गेल्या वर्षी त्याच्या मुलाने, जो पुण्याला नोकरी करतो, मोबाइलवर एक चित्र पाठवले. आजोबांचा जुना फोटो त्याने संगणकाकडून स्वच्छ आणि रंगीत करून घेतला होता. हौसेने, प्रेमाने केलेले काम. आजोबांचा चेहरा खरोखरच जिवंत वाटत होता. आभाळ निळे होते, तोरण हिरवे होते. झूल मरून रंगाची होती. शिंगे तपकिरी होती, जशी न रंगवलेल्या बैलाची असतात तशी.

मी त्याला फोन केला आणि विचारले, शिंगांवर काही दिसले नाही का. तो म्हणाला, “आजोबा, त्यावर कसले तरी जाड डाग पडले होते. चारही शिंगांवर. ते काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला.”

त्या मुलाला मी काय बोलणार? त्याच्या वडिलांनी त्याला ही हकिगत सांगितली नव्हती. कदाचित सांगण्यासारखी वाटली नसेल. संगणकालाही दोष देत नाही. करड्या छटेची एकच संख्या असते, रंगाच्या तीन लागतात. उरलेल्या दोन संख्या यंत्र अंदाजाने घालते, आणि अंदाज म्हणजे पूर्वी पाहिलेल्या लाखो चित्रांतले सर्वांत नेहमीचे. आभाळ नेहमी निळे, पान नेहमी हिरवे, शिंग नेहमी तपकिरी. जो माणूस नेहमीप्रमाणे वागला नाही, त्याची त्या हिशोबात नोंद नसते. चौकातल्या त्या गृहस्थाने विचारलेलाच प्रश्न पन्नास वर्षांनी यंत्राने विचारला, आणि या वेळी ‘म्या देल्ला’ म्हणायला तेथे कोणी नव्हते.

मूळ प्रिंट त्याने जपून ठेवली आहे, हे नशीब. डाग काढले ते मोबाइलमधल्या चित्रावरचे. मी त्याला वहीतले पान दाखवले. आमचा मालक व्यवसाय बंद करून गावी गेला, तेव्हा ती वही रद्दीत जाणार होती. मी मागून घेतली. पोरगा ते पान बराच वेळ वाचत होता. मग त्याने विचारले, “म्हणजे निळा नेमका कोणता? आभाळासारखा की शाईसारखा?” तेवढे त्या नोंदीत नाही. मी म्हणालो, फोटोवर आहे तोच. चौकट उतरवून पाहा.

स्मरणिका समितीने विद्यालयाची जुनी छायाचित्रे याच पद्धतीने रंगीत करून छापण्याचा विचार केला होता आणि त्यासाठी माझ्याकडे चित्रे मागितली. मी चित्रे दिली, पण रंगीत करण्यापूर्वी विचारा, असे कळवले. मला ठाऊक आहे तेवढे येथे लिहून ठेवतो. १९७२ च्या पंगतीतली भाकरी तांबडी होती, पांढरी करू नये. सामूहिक चित्रांतील ध्वजाचा पहिला पट्टा निळा. ज्यांच्याकडे त्या काळची आणखी चित्रे असतील, त्यांनी ती पाठवताना मागे पेन्सिलीने रंग लिहावेत. शाई पुढे फुटते. पहिल्या तुकड्यांतले आम्ही थोडेच उरलो आहोत, त्यामुळे हे काम लवकर व्हावे.

खर्चाच्या कारणाने आतील पाने एकाच शाईत छापली जातील, असे समितीने नंतर कळवले. काकांचा फोटो, कुटुंबाच्या परवानगीने, या लेखासोबत छापण्यासाठी दिला आहे. भिंतीवरच्या मूळ प्रिंटवरूनच तो घेतला आहे. उजवीकडे भिंतीजवळची शेवटची जोडी पाहावी. शिंगांवर जो जाडसर, कडेला ओघळलेला थर दिसतो तो तेलरंग आहे, आणि तो निळा आहे. छपाईवाल्यांनी तो पुसू नये, अशी विनंती केली आहे.